आजोबांचा कोयता आता धार का धरत नाही? (पोलाद, पाटा आणि पाणी)

वाडीवाला (धागाकर्ता)

मंडळी, गुहागरच्या बाजूला आमची थोडी वाडी आहे. तीसेक माड, सुपारी, मागच्या अंगाला काजू. वडील गेल्यापासून महिन्यातून एकदा पुण्याहून जाऊन मीच बघतो. यंदा बेणणीला (गवत-झुडपं साफ करायला) माणूस मिळेना, म्हणून स्वतःच कमरेला कोयत्याची आकडी बांधली आणि तेव्हा कुठे हत्यारांचं दुखणं कळलं.

माझ्याकडे तीन कोयते आहेत.

पहिला आजोबांचा. पाठ चांगली जाड, मूठ फणसाच्या लाकडाची. लहानपणी मी स्वतः पाहिलंय, आजोबा ह्याच कोयत्याने दिवसभर कवळ (हिरव्या डहाळ्या) तोडायचे आणि संध्याकाळी निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) चार हात मारून खुंटीला लावायचे. आता मात्र धार लावून पंधरा मिनिटं झाली की बोथट. अंगठ्याएवढ्या काजूच्या फांदीवर धार चक्क मुडपते.

दुसरा गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेला, चकचकीत स्टेनलेस. दिसायला देखणा. सुक्या बांबूच्या पेरावर एक घाव घातला, तर धारेला लाट आली.

तिसरा चिपळूणकडे जाताना रस्त्याकडेच्या लोहारांच्या पालावर डोळ्यांसमोर घडवून घेतला, ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा). हा कापतो झकास, पण दोन जागी टवके उडालेत, तांदळाच्या दाण्याएवढे.

तर चांगल्या कोयत्याला नेमकं कुठलं पोलाद लागतं? आणि आजोबांचा कोयता इतकी वर्षं चालून आताच असा का झाला? लोखंड म्हातारं होतं का?

चहाबिस्कीट

लोखंड तेच आहे, नातू मऊ झालेत. (हलके घ्या)

तापमापक

भोसरीला हीट ट्रीटमेंटमध्ये (पोलाद तापवून-थंड करून हवं तेवढं कडक करायचं काम) माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी धारेकडे बघायचं. धार मुडपते म्हणजे पोलाद मऊ पडलं. टवका उडतो म्हणजे ते नको तेवढं कडक आहे, नाहीतर आत चीर आहे. तुमच्या तीन कोयत्यांत दोन मऊ आणि एक कडक. एवढ्यावरून अर्धं निदान झालं.

लोखंड कडक होऊ शकतं की नाही, हे त्यातल्या कार्बनवर ठरतं. ग्रिलची पट्टी, अँगल, म्हणजे माइल्ड स्टील, त्यात पाव टक्क्याहून कमी कार्बन असतो. ते लालबुंद करून पाण्यात बुचकळा, तेलात बुचकळा, गोमूत्रात बुचकळा, धार धरण्याइतकं कडक व्हायचं नाही. तोडायच्या हत्याराला साधारण ०.५ ते ०.८ टक्के कार्बन पाहिजे. त्याच्या वर गेलात की धार जास्त टिकते, पण घाव सोसायची ताकद उतरत जाते. बेअरिंगच्या कडीत (ईएन ३१ जातीचं पोलाद) एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. त्याची सुरी सुरेख होते. त्याचाच कोयता करून सुक्या गाठीवर हाणलात, तर टवका ठरलेला.

पाटा ह्या दोन्हींच्या मधोमध बसतो. जुन्या ट्रकचा पाटा बहुतेक ईएन ४५ जातीचा: कार्बन ०.५ ते ०.६, सिलिकॉन दीड ते दोन टक्के, शिवाय मँगनीज. नव्या गाड्यांत क्रोमियमवाले पाटेही येतात, सप ९ वगैरे. कोयत्याला दोन्ही उत्तम. पण गाडीखाली असताना पाटा लवावा म्हणून त्याचा कडकपणा रॉकवेलच्या मापात ४२ ते ४८ च्या आसपास (आकडा मोठा तितकं पोलाद कडक) ठेवलेला असतो. लोहाराने तो भट्टीत घातला की कारखान्याने दिलेलं सगळं पाणी (तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा) पुसलं गेलं. तिथून पुढे लोहार देईल ते पाणी खरं.

तुमच्या तिसऱ्याला काय झालं असेल, सांगतो. नारिंगी असताना सरळ गार पाण्याच्या बादलीत. पाटा हे तेलात थंड करायचं पोलाद. पाण्यात ते फार झपाट्याने आकसतं आणि केसाएवढ्या चिरा पडू शकतात. वर, कडक झाल्यावर पुन्हा हलकं तापवून पाणी उतरवलं नसेल, तर धार काचेसारखी राहते. गिऱ्हाईक समोर उभं असताना तेवढा वेळ कोण देतो?

दुसऱ्याबद्दल: स्वस्तातलं स्टेनलेस म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि कार्बन जेमतेम. गंजत नाही हे खरं. पण क्रोमियम गंज थांबवतं, धार धरायचं काम कार्बनचं.

पहिल्याचं कोडं मला सुटलेलं नाही.

चहाबिस्कीट

गोमूत्राचा उल्लेख झाला. आता धागा शंभरी गाठणार.

वाडीवाला

तापमापक काका, मनापासून आभार. तिसऱ्यासाठी घरी काही करता येईल का? टाकून देववत नाही, माझ्यासमोर त्या बाईंनी घण मारून केलाय. नवरा सांडशीने धरून बसलेला आणि घण बाईंच्या हातात. एक घाव चुकला नाही.

तापमापक

येईल की. आधी चिरा तपासा. कोयता तासभर रॉकेलमध्ये ठेवा, कोरडा पुसा आणि धारेला खडूची पूड लावा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. रेघ टवक्यापुरतीच असेल, तर तेवढं घासून काढता येतं. पोटात आतपर्यंत गेली असेल, तर तो कोयता फक्त गवताला वापरा, जोराच्या घावाला नको. तुटलेलं पातं कुठे उडेल सांगता येत नाही.

चीर नसेल तर पाणी उतरवा. पातं पॉलिश पेपरने पांढरं करा आणि गॅसवर पाठीकडून तापवा, धार ज्योतीपासून लांब. रंग पाठीकडून धारेकडे सरकताना दिसतील: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा. पिवळा साधारण २२०-२३० अंशाला, निळा ३०० च्या आसपास. रंधा पिवळ्यावर थांबवतात. कोयत्याला जांभळा ओलांडून निळा लागेपर्यंत जाऊ द्या आणि थांबवा. कडकपणा पन्नाशीच्या थोडा वर राहील.

आणि टवके काढायला ग्राइंडर लावाल, तर धारेला निळा डाग पडू देऊ नका. तो डाग म्हणजे तेवढीच जागा जास्त उतरली. हाताला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं. बाजारातले निम्मे कोयते धार लावणाऱ्याने मारलेले असतात, पोलाद बिचारं बरं असतं.

उसाचा_फड

मी बीडकडचा. घरात दोन पिढ्या ऊसतोडीला जात होत्या, मी नोकरीला लागलो. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहिली, म्हणून लिहितो.

आमच्याकडं कोयता नुसतं हत्यार नाही, ते मोजायचं माप आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मग ह्या माणसांना कसला कोयता लागतो?

कडक नको. अजिबात नको.

ऊस तोडायचा तो बुडख्याला, जमिनीलगत. साखर बुडाकडं जास्त असती, कारखाना तिथलंच मागतो. शिवाय उंच खुंट ठेवला की खोडवा (त्याच खुंटांवरचं पुढचं पीक) नीट फुटत नाही, शेतकरी बोंबलतो. म्हणजे दर घावाला पातं मातीत जातंय. माती म्हणजे वाळू, बारके खडे. तिथं कुठलंच पोलाद दिवसभर टिकत नाही. मग माणूस करतो काय? फडातच बसून कानस मारतो. दिवसातनं पाच-सहा वेळा तरी. चार हात इकडून, चार हात तिकडून, की उठला.

आता कानस चालायची तर पातं कानशीपेक्षा बरंच मऊ पाहिजे. एकदा माझ्या चुलत्यानं कुठल्यातरी शहरातनं भारी पोलादाचा कोयता आणला होता. पहिले दोन दिवस सगळे बघायला यायचे. तिसऱ्या दिवशी धार गेली आणि कानस त्याच्यावरून घसरायला लागली, काचेवरून घसरावी तशी. फडात इलेक्ट्रिक चाक कुठनं आणणार? तो कोयता सीझनभर खोपीवर पडून राहिला आणि चुलत्यानं दुसऱ्याचा कोयता मागून तोडणी केली.

म्हणून आमचे लोहार पाटा घेऊन बारीक पातळ पातं काढतात आणि पाणी बेतानं देतात. हलका पाहिजे, दिवसात हजारो वेळा हात उचलायचा असतो. संध्याकाळी मनगट सांगतं कोयता कसा होता ते.

तापमापक

वा! पुस्तकात 'धार टिकणे' आणि 'धार लावायला सोपं असणे' ह्या दोन वेगळ्या ओळी असतात. तुम्ही त्यांचा हिशेब मांडलात. कानस रॉकवेल साठीच्या वर असते. पातं पन्नाशीच्या आतबाहेर असेल तर ती छान चावते, पंचावन्नच्या पुढे कुरकुरते आणि साठीला आली की घसरते. कानस घसरते का, हीच गावातली कडकपणाची चाचणी.

सातासमुद्रापार

टेक्सासहून. इथे हार्डवेअरच्या दुकानात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले मशेटी मिळतात, एल साल्वादोर, ब्राझील, कोलंबिया इथले. हातभर लांब, दोन मिलिमीटर जाड, पोलाद साधं कार्बनवालं, ०.७ टक्क्यांच्या आसपास. बरेचसे धार न लावताच विकतात. ज्याने त्याने कानशीने काढायची, वर फडवाले सांगतायत तशीच. ती माणसंही ऊसच तोडतात म्हणा.

मी एक उचलून दिवाळीला गावी, देवरुखला नेला. गवत, रान, केळीची पानं, सपासप. काकांनी हातात घेतला, ऐनाच्या खांदीवर हाणला, आणि पातं लचकून थरथरत परत आलं. खांदीला ओरखडा. काका म्हणाले, "हा कोयता नाही, ही छडी आहे."

माझं मत असं, की लांब आणि पातळ पात्याला पोलाद स्प्रिंगसारखं एकजात लागतं, नाहीतर ते वाकून वाकलेलंच राहील. आपला कोकणी कोयता आखूड, जाड, पुढे वजनदार. त्याच्या पाठीला पोलाद नसलं तरी चालतं, वजनच काम करतं.

चहाबिस्कीट

आमच्या सोसायटीत बांधकाम चालू आहे, सळईचे तुकडे फुकट पडलेत. कोयता होईल का?

तापमापक

नाही. टीएमटी सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, फार तर ०.३. तिचा कडकपणा कारखान्यात पाणी मारून फक्त सालीला दिलेला असतो, भट्टीत घातली की तोही गेला. खुरपं करा हवं तर.

रानवाटा

माझ्या ओळखीतला एक जण रेल्वेच्या रुळाच्या तुकड्याचा करतो म्हणे, फार टिकतो.

तापमापक

पोलाद चांगलं असतं, वाद नाही. पण रुळाचा तुकडा हिशेबाशिवाय घरात सापडला, तर रेल्वेच्या मालमत्तेचा १९६६ चा कायदा लागतो. तिकडे बघूच नका. पाट्याच्या कोऱ्या पट्ट्या स्प्रिंगवाल्यांकडे सरळ विकत मिळतात. वापरलेला पाटा लाखो वेळा लवून दमलेला असतो, मधल्या बोल्टच्या भोकाजवळ चिरा असू शकतात, तो भाग तरी घेऊ नये.

आणि पॉवर हॅक्सॉच्या पानाचे चाकू रस्त्यावर मिळतात, ते पाहून कोणी त्याचा कोयता करू नका. ते हायस्पीड स्टील. ६०० अंशाच्या जवळपास तापलं तरी मऊ पडत नाही, गावच्या भट्टीला ते दाद देत नाही आणि घाव बसला की तुकडा पडतो. भाजीला मात्र छान.

कातळसडा

स्टेनलेसला सगळ्यांनी मिळून झोडपलंत, म्हणून एका बाईची बाजू ऐका. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा. पाट्याचा कोयता पावसाळ्यात आठ दिवस विसरला, की त्यावर तांबडी लव उगवते. माझी आई फणस फोडायला आणि मासळीला स्टेनलेसचाच वापरते. फणसाचा चीक खोबरेल लावून निघतो, घाव हलका असतो आणि पातं रोज धुतलं जातं. तिथे धार चार दिवसांनी लावली तरी बिघडत नाही.

बांबूच्या पेरावर स्टेनलेस मारायचा नाही, हे मात्र मान्य. आणि पाट्याचा कोयता शहाळ्याला वापरला की काळा पडतो, त्याला घाबरू नका. शहाळ्याच्या सालीतल्या तुरट रसाने लोखंड काळवंडतं. तो गंज नव्हे.

रानवाटा

परवा एका साइटवर 'दमास्कस कोयता' बघितला, अंगभर लाटालाटा. घ्यावा का? आपल्याकडचंच जुनं पोलाद ना ते?

तापमापक

दक्षिणेतलं उक्कू वेगळं. ते कर्नाटक-तेलंगणच्या बाजूला मुशीत वितळवून करत, कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, तलवारीसाठी. आज विकतात त्या लाटा म्हणजे दोन पोलादांचे थर जोडून आम्लात बुडवलेले. नीट केलं असेल तर वाईट नाही, पण लाटांनी फांदी तुटत नाही. काही ठिकाणी तर त्या लाटा नुसत्या वरवर उमटवलेल्या असतात. (अवांतर झालं.)

भात्यावरचा

धागा उशिरा पाहिला. आमचं घर संगमेश्वराकडचं, वडील आणि आजोबा लोहार. मी टूलरूममध्ये आहे, पण दहावीपर्यंत भाता ओढलाय. वाडीवाले, तुमच्या पहिल्या कोयत्याचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं.

तो कोयता एका पोलादाचा नाही.

पूर्वी पोलाद महाग आणि दुर्मीळ. अख्खा कोयता पोलादाचा करणं कोणालाच परवडायचं नाही. म्हणून अंग साध्या मऊ लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी. त्या पट्टीला जुनी माणसं 'तिखं' म्हणत. लोखंड तापवून त्याची कड छिन्नीने चिरायची, पुरीचं तोंड उघडावं तशी. चिरेत तिखं बसवायचं, वर सवागी (टाकणखार) भुरभुरायची, भट्टीत घालून पिवळ्याच्या पुढे पांढुरक्यापर्यंत न्यायचं. लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या निघायला लागल्या तर समजा जळलं, त्याच्या एक क्षण आधी काढायचं. मग ऐरणीवर भराभर. पहिले घाव हलके, नाहीतर तिखं सटकतं. वडील त्या वेळी कोणाशी बोलत नसत. मी भाता ओढताना खोकलो, तरी बघायचे.

असा कोयता फार गुणी. धार कडक, अंग मऊ. गाठीवर बसला तरी हादरा मऊ लोखंड पिऊन टाकतं, हाताला झिणझिण्या येत नाहीत. एकच खोट: तिखं बोटभर रुंद, त्याहून जास्त कोणी घालत नसे. दर वेळी निसण्यावर घासलं की ते थोडं थोडं झिजतं. तीस-चाळीस वर्षांनी तिखं संपतं आणि धार साध्या लोखंडावर येते. वरून कोयता तोच दिसतो. आमच्याकडे अशी गिऱ्हाइकं यायची, "अरे, ह्याचं पाणी गेलं, परत पाणी दे." आजोबा कोयता हातात घेऊन अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "पाणी देऊ कशाला, तिखं कुठाय?"

खात्री करायची तर सोपं आहे. धारेपासून दोन-तीन बोटं पातं पॉलिश पेपरने चकचकीत करा. तेल पुसून टाका, साबणाने धुवा. मग कोकमाचं आगळ चोळून वीस मिनिटं ठेवा आणि धुवा. आगळ नसेल तर लिंबू. पोलाद काळपट होतं, लोखंड राखाडी-पांढरं राहतं. मधे रेघ दिसेल. दिसली तर.

तापमापक

साष्टांग. तीस वर्षं पोलाद तपासलं, पण हे डोक्यात आलं नाही. आम्ही प्रयोगशाळेत नायट्रिक आम्ल आणि स्पिरिटचं मिश्रण, म्हणजे नायटल, वापरायचो. आगळ हे कोकणी नायटल झालं.

चहाबिस्कीट

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे. (विनोद सुचला होता, पण ह्या प्रतिसादाखाली बरा दिसला नसता.)

वाडीवाला

शनिवारी गावी गेलो होतो. रात्री पडवीतल्या दिव्याखाली सगळं केलं. आगळाची बाटली आईकडून मागितली तर तिने आधी कारण विचारलं, मग कपाळावर हात मारला, आणि शेवटी स्वतःच शेजारी येऊन बसली.

धुतल्यावर सुरुवातीला काही कळेना. बॅटरी तिरकी धरली आणि दिसलं. टोकाच्या चोचीला, जिथे कधी घाव बसत नाही, तिथे दोन बोटं लांब काळी पट्टी, करंगळीच्या नखाएवढी रुंद. मुठीकडे सरकावं तशी ती निमुळती होत गेलेली, मग दोऱ्याएवढी. आणि पोटाला, जिथे सगळी कवळं तुटली, तिथे काहीच नाही. सरळ पांढुरकं लोखंड. मुठीजवळ पुन्हा इंचभर काळं.

मग लक्षात आलं, की पोटाला पातं आत गेलंय. मला आजवर वाटायचं, कोयत्याचा बाकच तसा आहे. पट्टी लावून पाहिलं. चोचीपासून मुठीपर्यंत धार सरळ होती असं धरलं, तर अर्ध्या इंचाहून जास्त झिजलंय.

आई म्हणाली, "रोज संध्याकाळी घासायचे ते. दुसरं काय होणार?"

भात्यावरचे, आता ह्याला नवीन तिखं घालता येतं का? आणि कसलं? पाट्याचं?

भात्यावरचा

येतं, करणारा मिळाला तर. पाट्याचं नको. क्रोमियम किंवा जास्त सिलिकॉनवालं पोलाद ह्या जोडाला त्रास देतं, त्याच्यावर चिवट मळी धरते आणि ती सवागीलाही सहज सुटत नाही. जुनी चांगली कानस घ्या. तिच्यात सव्वा टक्क्यापर्यंत कार्बन असतो, बाकी मिसळ फार नाही, जोड छान बसतो. मात्र हल्लीच्या हलक्या कानशींत कधी फक्त सालच कडक असते. कडेला ग्राइंडर लावून ठिणगी बघा: कानशीची ठिणगी आखूड, फुटून फुलासारखी. माइल्ड स्टीलची लांब सरळ रेघ.

तापमापक

पण सव्वा टक्का म्हणजे कोयत्याला फार कडक. मी वर ०.८ म्हटलं ते एवढ्यासाठीच.

भात्यावरचा

काका, अख्खं पातं कानशीचं केलं तर फुटेलच. इथे ते दोन्ही बाजूंनी मऊ लोखंडात धरलेलं असतं. शिवाय पांढऱ्या आचेला थोडा कार्बन शेजारच्या लोखंडात उतरतो, थोडा भट्टीत जळतो. हाती येईपर्यंत ते सव्वा टक्क्याचं राहत नाही.

आणि पाण्याबद्दल. तुम्ही पाण्यावर चिडलात ते पाट्यापुरतं बरोबर. पण कानशीसारखं साधं कार्बन पोलाद तेलात टाकलं, तर बरेचदा पुरतं कडक होतच नाही, त्याला पाण्याचाच झपाटा लागतो. आजोबा बादलीतलं पाणी आधी कोमट करायचे, एक तापलेला तुकडा विझवून. मग फक्त धार बुडवायची, पाठ बाहेर लालच. काढून विटेवर घासायची, म्हणजे पांढरं अंग दिसतं. पाठीतली आच धारेकडे सरकते, रंग चालत येतात, हवा तो आला की अख्खा कोयता पाण्यात. एकाच आचेत पाणी दिलंही आणि उतरवलंही. तुम्ही गॅसवर सांगितलं तेच, फक्त गॅसशिवाय.

तापमापक

पटलं. पाटा तेलात, कानस पाण्यात. पालावरच्या माणसाने पाट्याला पाणी तुमच्या आजोबांसारखं कोमट आणि धारेपुरतं दिलं असतं, तर कदाचित टवके उडालेही नसते.

उसाचा_फड

फडात असला तिखं घातलेला कोयता मी एकच पाहिला, एका म्हाताऱ्याकडं. तो कुणाला हात लावू देत नव्हता. आम्हाला वाटायचं म्हातारा खडूस आहे.

वाडीवाला

शेवटचा अपडेट.

तिसऱ्याला रॉकेल-खडूत रेघ आली नाही. टवके घासले, गॅसवर निळ्यापर्यंत नेला. महिनाभर काजूत वापरतोय, नवा टवका नाही. दुसरा आईने मासळीला घेतला, परत देणार नाही म्हणते.

पहिल्यासाठी तालुक्यात चार ठिकाणी विचारलं. तिघांनी सांगितलं, "टाका हो तो, पाट्याचा नवा करून देतो." चौथे सत्तरीचे, भट्टी आता फक्त पावसाळ्याआधी पेटवतात. कोयता हातात घेऊन त्यांनी पाठीवर नखाने टिचकी मारली, ऐकलं, आणि मला म्हणाले, कानस घेऊन या, आणि लोणारी (लाकडाचा) कोळसा मिळाला तर बघा, दगडी कोळशातल्या गंधकाने जोड बिघडतो. पोतंभर कोळसा मिळवायला मला दोन फेऱ्या पडल्या.

जोड दुसऱ्या आचेला बसला. पहिल्याला तिखं एका टोकाला सुटलं होतं, तेव्हा ते मलाच ओरडले, मी फोनवर शूटिंग करत होतो म्हणून. पाणी दिलं अंधार पडल्यावर. उजेडात आचेचा रंग कळत नाही म्हणाले.

काल सुक्या बांबूची सात पेरं तोडली. धारेवर नख फिरवून पाहिलं, मुडपलेली नाही, टवका नाही. फक्त मुठीकडच्या टोकाला, जोडावर, केसाएवढी काळी रेघ दिसते, पाऊण इंच लांब. आगळ लावलं की जास्त ठळक होते. ही चालेल ना?

भात्यावरचा

मुठीकडे घाव बसत नाहीत, चालेल. पण त्या रेघेत मेण किंवा घट्ट तेल भरून ठेवा. पावसाळ्यात पाणी आधी तिथे शिरतं आणि गंज आतून जोड उचलतो. आणि निसणा घासताना फक्त धारेवर घासा, पातं आडवं पाडून नको. तिखं किती रुंद घातलंय त्यांनी?

वाडीवाला

मोजलं. पाऊण इंच.

भात्यावरचा

मग तुमच्या नातवाला आगळ लागेल.